इंग्रजीतला नकार: 'अन', 'इन', 'डिस' की 'नॉन'?

आपला 'अज्ञात', इंग्रजीचा स्वतःचा 'अननोन', ग्रीकवरून घडवलेला 'ॲग्नॉस्टिक' आणि लॅटिनमधून आलेला 'इग्नोरंट' हे चार शब्द शेजारी शेजारी मांडले, तर त्यांचे नाते लपत नाही. चौघांच्याही पोटात जाणण्याचा एकच प्राचीन धातू आहे. संस्कृतात तो 'ज्ञा' झाला, ग्रीक-लॅटिनमध्ये 'ग्नो' झाला आणि इंग्रजीत 'नो' झाला. 'नो'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका 'के' दिसतो, तो पूर्वी उच्चारला जात असे आणि तो त्याच व्यंजनाचा अवशेष आहे. या धातूच्या आधी लागलेले 'अ', 'अन', 'ॲ' आणि 'इ' हे चार निराळे उपसर्ग वाटले, तरी तीही एकाच जुन्या नकाराची चार रूपे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले होते. नकाराचा हा उपसर्ग त्या नात्याचा एक चांगला पुरावा आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, इंग्रजी विरुद्धार्थी शब्द आपल्याकडे बहुधा यादी करून पाठ करवले जातात. स्कॉलरशिपच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत 'हॅपी-अनहॅपी, पॉसिबल-इम्पॉसिबल, ऑनेस्ट-डिसऑनेस्ट' अशी रांग लागते आणि कोणता उपसर्ग कुठे, या प्रश्नाला 'ते तसेच असते' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, कारण काही जोड्या खरोखरच पाठ कराव्या लागतात. परंतु उरलेल्या पुष्कळ शब्दांच्या बाबतीत दोन प्रश्न विचारले की वाट सापडते: मूळ शब्द कोणत्या घराण्यातला आहे, आणि आपल्याला नेमका कोणत्या प्रकारचा नकार द्यायचा आहे.

पहिला प्रश्न घराण्याचा. इंग्रजी ही मुळात जर्मन, डच यांच्या कुळातली भाषा आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राजदरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली, आणि त्या वाटेने, तसेच पुढे विद्वानांच्या लेखनातून थेट लॅटिनमधूनही, हजारो शब्द इंग्रजीत शिरले. त्यामुळे एकाच अर्थाचे दोन शब्द, एक घरचा आणि एक लॅटिन वळणाचा, अशी स्थिती इंग्रजीत वारंवार आढळते, आणि प्रत्येक शब्द आपापला नकार घेऊन येतो. 'लॉफुल' या घरच्या शब्दाला 'अन' लागून 'अनलॉफुल' होते, तर 'लीगल' या लॅटिन शब्दाचे 'इल्लीगल' होते. जे अक्षर वाचता येत नाही ते 'अनरीडेबल' किंवा 'इल्लेजिबल'. ज्यावर विश्वास बसत नाही ते 'अनबिलीव्हेबल' किंवा 'इनक्रेडिबल'. ज्याला अंत नाही ते 'अनएंडिंग' किंवा 'इन्फिनिट'. या जोड्यांमधला पहिला शब्द बोलण्यातला आणि दुसरा किंचित पुस्तकी वाटतो, त्यामागेही हाच इतिहास आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. संस्कृत 'अयोग्य', फारसी वळणाचा 'नालायक', 'बेकायदा' आणि अरबी 'गैर' लावून झालेला 'गैरहजर' हे सगळे आपण एकाच परिच्छेदात सहज वापरतो, आणि 'बेयोग्य' किंवा 'अहजर' असे कधी चुकूनही म्हणत नाही. घराणे ओळखण्याचा हा कान आपल्याला आहेच. इंग्रजीत तो तयार करावा लागतो, इतकेच.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हा नियम एकाच बाजूने चालतो. घरच्या इंग्रजी शब्दांना 'इन' हा उपसर्ग जवळजवळ कधीच लागत नाही, म्हणून 'काइंड', 'वाइज', 'ट्रू', 'फेअर' यांचे विरुद्धार्थी शब्द डोळे मिटून 'अन' लावून करावेत. उलट बाजूने तसे नाही. लॅटिन-फ्रेंच घराण्यातल्या अनेक शब्दांनीही 'अन' स्वीकारलेला आहे: 'अनपॉप्युलर', 'अनप्लेझंट', 'अनसर्टन', 'अनइम्पॉर्टंट'. 'अन' हा या भाषेतला सर्वांत पसरलेला नकार आहे, आणि नवा शब्द घडवायचा झाला की बोलणारा बहुतेक वेळा त्याच्याकडेच वळतो.

शब्दाच्या शेवटाकडे पाहिले तर आणखी एक खूण मिळते, आणि माझ्या मते वर्गात सर्वांत आधी हीच शिकवायला हवी. शब्द 'एड' किंवा 'इंग' या प्रत्ययाने संपून विशेषणाचे काम करत असेल, तर त्याचे घराणे कोणतेही असो, त्याला सहसा 'अन' लागतो. म्हणून 'कम्प्लीट'चे 'इनकम्प्लीट' होते, पण 'कम्प्लीटेड'चे 'अनकम्प्लीटेड'. 'डिव्हिजिबल'चे 'इनडिव्हिजिबल', पण 'डिव्हायडेड'चे 'अनडिव्हायडेड'. 'डिसायसिव्ह'चे 'इनडिसायसिव्ह', पण 'डिसायडेड'चे 'अनडिसायडेड'. रेल्वेच्या डब्यावर 'अनरिझर्व्ह्ड' असते, महापालिकेच्या नोटिशीत बांधकाम 'अनऑथोराइज्ड' असते, ते याच नियमाने.

याच्या उलट, भाववाचक नाम झाले की लॅटिन नकार पुन्हा डोके वर काढतो. माणूस 'अनएबल' असतो, पण त्याची असमर्थता 'इनॅबिलिटी' असते. वाटणी 'अनईक्वल', पण विषमता 'इनइक्वॉलिटी'. निर्णय 'अनजस्ट', पण अन्याय 'इनजस्टिस'. सरकार 'अनस्टेबल', पण अस्थिरता 'इनस्टॅबिलिटी'. विशेषण रोजच्या बोलण्यात घासले जाऊन 'अन'च्या ताब्यात गेले आणि नाम मात्र लॅटिनमधून जसे आले तसेच राहिले. या चार जोड्या पाठच कराव्यात. त्यांना दुसरा इलाज नाही.

आता 'इन'च्या वेशांतराकडे वळू. 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल' आणि 'इररेग्युलर' यांतले 'इम', 'इल' आणि 'इर' हे वेगळे उपसर्ग नाहीत. मूळचा 'इन'च पुढच्या व्यंजनासाठी रूप बदलतो. 'न' म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते आणि 'प' म्हणताना ओठ मिटतात. दोन्ही लागोपाठ म्हणायचे झाले की ओठ आधीच मिटू लागतात आणि 'न'चा 'म' होतो. आपण 'संप' हा शब्द 'सम्प' असा, 'संत' हा 'सन्त' असा उच्चारतो, त्यामागे हीच क्रिया आहे. एकाच अनुस्वाराचा आवाज पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून 'प', 'ब' आणि 'म' यांच्या आधी 'इम' येतो: 'इम्पेशंट', 'इम्बॅलन्स', 'इम्मॅच्युअर'. 'ल'च्या आधी 'इल' आणि 'र'च्या आधी 'इर': 'इल्लॉजिकल', 'इर्रेलेव्हंट'. बाकी बहुतेक ठिकाणी 'इन'.

मग 'अनपॉप्युलर'मध्ये 'अन'चा 'अम' का होत नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. भरभर बोलताना अनेकांच्या तोंडून तो 'अम्पॉप्युलर' असाच निघतो, परंतु लिहिण्यात बदलत नाही. 'इन'चे बदल लॅटिन भाषेतच घडले होते आणि ते शब्द इंग्रजीत आले तेव्हा बदललेले स्पेलिंग घेऊनच आले. 'अन' मात्र इंग्रजीचा स्वतःचा, आणि त्याचे स्पेलिंग कुठेही हलत नाही. ज्याला हे एकदा कळले त्याला 'अनरिलायेबल'मध्ये दोन 'आर' लिहिण्याचा मोह होणार नाही.

ग्रीक वाटेने आलेला 'अ' तर आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. संस्कृतात व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अन्' येतो, म्हणून 'असत्य', 'अशक्य', परंतु 'अनादर', 'अनुचित', 'अनावश्यक'. ग्रीकमध्ये नियम तंतोतंत हाच आहे. म्हणून 'एसिमेट्री' आणि 'एथिइस्ट' यांत नुसता स्वर, पण रक्त कमी असण्याचा 'ॲनिमिया', नाव नसलेला 'ॲनॉनिमस' आणि शासन नसलेली 'ॲनार्की' यांत 'ॲन'. इंग्रजीतल्या 'अ' आणि 'ॲन' या आर्टिकलशी मात्र याचा संबंध जोडू नये. ते 'वन' या संख्यावाचक शब्दाचे झिजलेले रूप आहे.

आता दुसरा, अधिक रंजक प्रश्न: नकार कोणत्या प्रकारचा? 'नाही' म्हणण्याच्या निदान तीन-चार तऱ्हा आहेत आणि इंग्रजीने त्या वेगवेगळ्या उपसर्गांना वाटून दिलेल्या आहेत. 'नॉन' हा सर्वांत कोरडा. तो फक्त रेषा आखतो आणि वस्तू रेषेच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगतो. त्यात चांगले-वाईट काही नसते. महाराष्ट्रात ज्याने कधी जमिनीचा व्यवहार केला आहे त्याला 'एनए' ही अक्षरे माहीत असतात. नॉन-ॲग्रिकल्चरल, म्हणजे अकृषिक, ही केवळ वर्गवारी आहे. जमीन वाईट आहे असे त्यातून निघत नाही. 'नॉन-क्रिमीलेअर'चा दाखलाही असाच वर्ग ठरवतो, आणि 'नॉनव्हेज' हा तर आता मराठीच शब्द झाला आहे.

'अन' मात्र पुष्कळदा मूल्य सांगतो. कविता ही 'नॉन-सायंटिफिक' गोष्ट आहे, कारण ती विज्ञानाच्या प्रांतातली नाही; पण एखादा दावा विज्ञान म्हणून मांडला जाऊन विज्ञानाच्या कसोटीवर फसला, तर तो 'अनसायंटिफिक' ठरतो. जपानचा नागरिक 'नॉन-अमेरिकन' असतो, त्यात त्याचा काही दोष नाही. परंतु अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १९३८ साली जी चौकशी समिती नेमली तिच्या नावात 'अन-अमेरिकन' हा शब्द होता, आणि त्याचा रोख अमेरिकेशी बेइमान ठरवल्या जाणाऱ्या माणसांवर होता. आपल्याकडे 'बिगरमराठी' म्हणजे मराठी नसलेला, एवढाच सरळ अर्थ होतो, पण 'अमानवी' म्हणजे केवळ माणूस नसलेला असा होत नाही. त्यात क्रौर्याचा वास येतो. नकाराचा रंग कसा बदलतो ते यावरून कळते.

'अन' आणि 'नॉन' यांच्यात व्याकरणाचाही फरक आहे आणि तो आपल्या शाळांच्या पाट्यांवर वाचायला मिळतो. ज्या शाळेला सरकारी अनुदान नाही तिला इंग्रजीत 'अनएडेड' म्हणतात, आणि बोलण्यात 'नॉन-ग्रँट'. 'एडेड' हे 'एड' प्रत्ययाचे विशेषण असल्याने त्याला 'अन' लागला. 'ग्रँट' हे नाम असल्याने त्याला 'अन' सोसत नाही, म्हणून 'नॉन'. मराठीत दोन्हींसाठी 'विनाअनुदानित' हा एकच शब्द पुरतो. नामांना 'अन' लागल्याची उदाहरणे इंग्रजीत थोडी आहेत, आणि त्यांतले एक महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे बसले आहे: ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने लोकमान्य टिळकांना ज्या 'अनरेस्ट'चे जनक म्हटले, तो 'अनरेस्ट'. आपण त्याचा 'असंतोष' केला आणि टिळक भारतीय असंतोषाचे जनक झाले.

'डिस' हा लॅटिन उपसर्ग मुळात दूर होणे, फाटणे, विलग होणे दाखवतो, आणि त्यामुळे त्याच्या नकारात एक कृती असते. 'डिसअग्री', 'डिसकनेक्ट', 'डिसओबे' यांत कोणीतरी काहीतरी मोडतो, तोडतो किंवा नाकारतो. गांधीजींच्या चळवळींची इंग्रजी नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. १९२० साली सुरू झालेले आंदोलन 'नॉन-कोऑपरेशन' होते: सरकारी शाळा, न्यायालये, पदव्या यांपासून बाजूला होणे. १९३० सालचे आंदोलन 'सिव्हिल डिसओबीडियन्स' होते, कारण तेथे मिठाचा कायदा ठरवून आणि उघडपणे मोडायचा होता. मराठीनेही हा फरक अचूक पकडला आणि एकाला 'असहकार', तर दुसऱ्याला 'कायदेभंग' म्हटले.

एकाच मूळ शब्दाला दोन उपसर्ग लागतात तेथे हा भेद सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो; 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ गुंतलेला नाही तो. न्यायाधीश दुसऱ्या अर्थाचा असावा आणि पहिल्या अर्थाचा कधीही नसावा. आजकाल इंग्रज आणि अमेरिकन लोकही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तरीही काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने हा भेद पाळावा असे मला वाटते, कारण दुसऱ्या अर्थासाठी इतका नेटका शब्द सहजी मिळत नाही. तसेच 'इम्मॉरल' म्हणजे अनीतिमान, तर 'एमॉरल' म्हणजे नीती-अनीतीचा प्रश्नच जेथे लागू होत नाही असा. वादळ किंवा मांजर 'एमॉरल' असते.

'मिस'ला पुस्तके नकारांच्या यादीत घालतात, पण तो खरे तर नकार नाही. कृती झालेली असते, फक्त चुकीची झालेली असते. 'मिसअंडरस्टँड' करणाऱ्याला समजलेले असते, पण भलतेच, आणि आपला 'गैरसमज' हा शब्द हेच सांगतो. 'मिसयूज' म्हणजे गैरवापर, 'अनयूज्ड' म्हणजे न वापरलेले आणि 'डिसयूज' म्हणजे वापर बंद पडणे. गावातली बुजत चाललेली विहीर 'डिसयूज'मध्ये गेलेली असते. तिचा 'मिसयूज' कोणी केलेला नसतो.

'अन'विषयी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. क्रियापदाला लागणारा 'अन' हा वेगळाच उपसर्ग आहे. तो 'अनहॅपी'मधल्या 'अन'चा सख्खा नाही. त्याचे मूळ निराळे आहे आणि जर्मन भाषेतल्या 'एन्ट' या उपसर्गाशी त्याचे नाते आहे. तो 'नाही' म्हणत नाही, तर झालेली कृती परत फिरवतो: 'टाय' म्हणजे बांधणे, 'अनटाय' म्हणजे सोडणे, 'लोड' म्हणजे भरणे, 'अनलोड' म्हणजे उतरवणे. अर्थातच जी कृती परत फिरवता येते तिलाच तो लागतो, म्हणून 'अनपॅक' आहे, पण 'अनईट' नाही. मराठीजवळ असा उपसर्गच नाही. आपण 'बांधणे-सोडणे', 'घालणे-काढणे', 'भरणे-उतरवणे' असे सरळ दुसरे क्रियापद वापरतो, आणि म्हणूनच मराठी विद्यार्थी येथे अडखळतात. मोबाइलने मात्र हा उपसर्ग घरोघरी पोचवला: 'अनम्यूट', 'अनफॉलो', 'अनइन्स्टॉल'. कोणाच्या पोस्टला 'अनलाइक' करणे म्हणजे आधी दिलेली पसंती मागे घेणे. 'डिसलाइक' करणे म्हणजे नापसंती दाखवणे. जून २०२० पासून टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली तेव्हा केंद्र सरकारने त्या टप्प्यांना 'अनलॉक' हे नाव दिले, तोही हाच 'अन'. दोन्ही 'अन' दिसायला सारखे असल्याने 'अनलॉकेबल' या शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ निघतात: ज्याचे कुलूप उघडता येते ते, आणि ज्याला कुलूप लावताच येत नाही ते.

अशीच फसगत 'इन' करतो आणि तेथे ती जिवावर बेतू शकते. महामार्गावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. येथला 'इन' नकाराचा नाही. 'आत' या अर्थाचा दुसराच लॅटिन 'इन' आहे, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'पेटणारा' असा आहे. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारा, असा समज कोणी करून घेऊ नये यासाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संस्थेने १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आज हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत, आणि खरा विरुद्धार्थी शब्द 'नॉन-फ्लेमेबल' हा आहे. 'इरिगेशन', 'इम्पोर्ट', 'इल्युमिनेट' यांतही हाच आत नेणारा किंवा जोर देणारा 'इन' आहे. त्याखेरीज 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असा, आणि 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, तर कुप्रसिद्ध.

काही नकारांना तर होकारच उरलेला नाही. 'अनकेम्प्ट' म्हणजे विसकटलेला. 'केम्प्ट' म्हणजे विंचरलेला, पण हा शब्द आता थट्टेतच ऐकू येतो. आपण साताऱ्याच्या किल्ल्याला 'अजिंक्यतारा' म्हणतो, पण पडलेल्या किल्ल्याला 'जिंक्य' म्हणत नाही. उलट काही साध्या शब्दांना नकार लागतच नाही: 'अनहॅपी' होते, 'अनसॅड' होत नाही; 'अनवेल' होते, 'अनइल' होत नाही. साध्यासुध्या विशेषणांच्या जोडीत 'अन' चांगल्या बाजूच्या शब्दाला लागतो आणि वाईट बाजूच्या शब्दाला बहुधा टाळतो.

राहता राहिले स्पेलिंग, आणि त्याचा निकाल एका वाक्यात लागतो: उपसर्ग पूर्ण लिहावा, मूळ शब्द पूर्ण लिहावा, आणि दोघांतले एकही अक्षर गाळू नये किंवा वाढवू नये. 'नेसेसरी' 'एन'ने सुरू होतो, म्हणून 'अननेसेसरी'मध्ये दोन 'एन'. 'सॅटिस्फाइड' 'एस'ने सुरू होतो, म्हणून 'डिससॅटिस्फाइड'मध्ये दोन 'एस'. पण 'अपिअर' 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'डिसअपिअर'मध्ये 'एस' एकच, आणि दोन 'पी' आहेत ते 'अपिअर'चे स्वतःचे आहेत. 'मिसस्पेल' या शब्दाचे स्पेलिंगही याच नियमाने दोन 'एस' घेते.